होल ब्लडची पिशवी आधीच नेऊन उमरेडला ठेवता येईल का?

दिघोरीकर (नागपूर)

नमस्कार मंडळी. माझी लहान बहीण उमरेडला दिली आहे. दुसरी खेप, नववा महिना लागला. तिचा गट बी निगेटिव्ह, जावईबापूंचा बी पॉझिटिव्ह, पहिला मुलगाही पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन ८.४ आलं. आयर्नचं सलाईन लावून राहिले, पण तिथल्या डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं की दोन पिशव्यांची सोय करून ठेवा, निगेटिव्ह रक्त ऐन वेळी धावपळ करून मिळत नाही.

तेव्हापासून घरात हीच चर्चा. तिचे सासरे म्हणतात, पॅक सेल म्हणजे पाणी काढलेलं अर्धं रक्त, आणायचं तर होल ब्लडच, म्हणजे काही न काढलेलं पूर्ण रक्तच आणा. आमच्या वेळी पूर्ण बाटली लावायचे आणि बाई दुसऱ्या दिवशी उठून बसायची. तिचा दीर बी निगेटिव्ह आहे, तब्येतीनं धडधाकट. त्याचंच ताजं रक्त तिथल्या तिथे काढून द्यावं, असंही निघालं.

माझा विचार असा की नागपूरहून पिशवी आधीच नेऊन त्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवावी. लसी आणि इंजेक्शनं ठेवायला फ्रिज आहे त्यांच्याकडे. म्हणून इथल्या एका रक्तपेढीत चौकशीला गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "होल ब्लड नाही. पॅक सेल मिळेल, तेही पेशंट भरती झाल्यावर, सॅम्पल घेऊन या." का, कसं, एक शब्द नाही. मागे रांग होती, मी बाजूला झालो.

मे महिना आहे, पारा ४५ला टेकलेला. दिघोरी नाक्यापासून उमरेड तासभर. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर पेढी गाठायची कधी, क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी) होणार कधी आणि पिशवी पोचणार कधी? सहलीला नेतो तो आइसबॉक्स आहे घरी, तो चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

पेढीतल्या काकू

भाऊ, मी नागपुरातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. तुमची धास्ती खरी आहे. पण लसींच्या फ्रिजचा बेत आधी डोक्यातून काढा, बाकीचं नंतर बोलू.

रक्ताचं फ्रिज वेगळं असतं. काचेचं दार, जेणेकरून दार न उघडता गट वाचता यावा. आत पंखा, म्हणजे वरच्या आणि खालच्या फळीवर एकच तापमान. दारावर गोल कागदाचा तक्ता, त्यावर सुई चोवीस तास रेघ ओढत असते. आतला तापमानाचा सेन्सर हवेत लोंबकळत नसतो, द्रवाच्या बाटलीत बुडवलेला असतो, कारण आपल्याला हवेचं नाही, पिशवीतल्या रक्ताचं तापमान हवं असतं. २ ते ६ अंश सेल्सिअस. त्याच्या बाहेर रेघ गेली की अलार्म वाजतो, आणि वीज गेली तरी तो बॅटरीवर वाजलाच पाहिजे. ड्युटीवर आल्यावर मी चहाच्या आधी तो तक्ता बघायची. रात्री रेघ कुठे वर सरकली असेल तर कारण सापडेपर्यंत त्या फ्रिजमधली एक पिशवी बाहेर जाऊ द्यायची नाही.

लसींच्या किंवा घरातल्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ पिशवी टेकली तर रक्त गोठतं, लाल पेशी फुटतात. असं फुटलेलं रक्त चढलं तर मूत्रपिंडावर येतं. दाराकडच्या बाजूला ठेवली तर दिवसातून कितीदा दार उघडतं ते बघा. तिथे जंतू वाढायला जागा मिळते. आणि यातलं काहीही झालेलं असलं तरी पिशवी बाहेरून बहुतेक वेळा जशीच्या तशी दिसते. हीच खरी भीती आहे. म्हणून नियम असा: रक्ताच्या फ्रिजमधून बाहेर पडून उघड्यावर ३० मिनिटांच्या वर झाली तर ती पिशवी परत साठ्यात घेत नाहीत, आणि चढवायला घेतली की ४ तासांत संपवायची. "आणून ठेवू, लागली तर लावू" हा हिशोब रक्ताला चालत नाही.

आता होल ब्लड. सासरेबुवांचा राग मला समजतो, कारण पूर्वी खरंच तसंच देत असत. पण पिशवीत काय असतं ते बघा. ३५० मिलीच्या पिशवीत ४९ मिली सीपीडीए द्रावण आधीच भरलेलं असतं. त्यातलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्ताची गुठळी होत नाही, डेक्स्ट्रोज आणि ॲडेनीनवर लाल पेशी तग धरतात. त्या जोरावर ३५ दिवस मिळतात. पण ते ३५ दिवस लाल पेशींचे आहेत! प्लेटलेट्सना २० ते २४ अंश आणि सतत हलतं ठेवणं लागतं, थंडीत एका दिवसात त्यांचं बहुतेक काम संपतं. रक्ताची गुठळी करणारे काही घटक, विशेषतः पाचवा आणि आठवा, उतरत जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. म्हणजे फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेलं होल ब्लड नावालाच पूर्ण राहतं. त्यात भरवशाच्या उरतात त्या लाल पेशी, आणि त्या पॅक सेलमध्येही जवळपास तेवढ्याच असतात. एकाच डोनरचं एकच रक्त आहे ते. फक्त वरचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग, काढून वेगळा ठेवलेला असतो, तो उणे ३० अंशांवर वर्षभर टिकतो आणि भाजलेल्या, यकृताच्या किंवा रक्तस्रावाच्या पेशंटला जातो.

ज्या बाईचं रक्त महिनोन्महिने कमी आहे तिचं शरीर कमी पेशींवर चालायला सरावलेलं असतं, तिला पाणी कमी पडत नसतं. तिला वर आणखी प्लाझ्मा ओतला तर हृदयावर भार येतो, धाप लागते. गरोदर बाईत तर आधीच रक्ताचं आकारमान वाढलेलं असतं. म्हणून अशक्तपणाला पॅक सेल.

निगेटिव्हवाल्यांसाठी आणखी एक कामाची गोष्ट. बी निगेटिव्ह नाहीच मिळालं तर ओ निगेटिव्हचे पॅक सेल क्रॉसमॅच करून तुमच्या बहिणीला देता येतात. पण ओ निगेटिव्हचं होल ब्लड तसं देता येत नाही, कारण ओ गटाच्या प्लाझ्मात बी पेशींवर हल्ला करणारी प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) असतात. निगेटिव्ह माणसं आपल्याकडे शंभरात साधारण पाच, त्यात बी आणखी कमी. होल ब्लडचा हट्ट धरला तर हाताशी असलेला एक रस्ता तुम्ही स्वतःच बंद कराल.

खिडकीतल्या माणसानं नियम बरोबर सांगितला, पण सांगायची पद्धत चुकीची होती. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन वाक्यं जास्त बोलला असता तर तुम्ही असे बाजूला झाला नसता. कारण असं आहे: गरोदर बाईच्या शरीरात नवीन प्रतिद्रव्यं कधीही तयार होऊ शकतात, म्हणून क्रॉसमॅचचं सॅम्पल तीन दिवसांच्या आतलं लागतं. आज सॅम्पल देऊन पंधरा दिवसांनी रक्त घ्यायचं, हे तिच्या बाबतीत सुरक्षित नाही.

मग आत्ता काय करता येईल? पेढीत जाऊन रक्तसंक्रमण अधिकाऱ्यांना भेटा, खिडकीवर नाही. तारीख, गट, पहिलं मूल पॉझिटिव्ह, हे सगळं सांगा. गट आणि अँटिबॉडी स्क्रीनिंग आधी करून घ्या. स्क्रीनिंग स्वच्छ असेल तर ऐन वेळचं काम बरंच हलकं होतं. बी निगेटिव्हचा साठा किती आहे, त्या आठवड्यात दोन पिशव्या राखून ठेवतील का, हे विचारा. ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर कुठल्या पेढीत कोणता गट आहे ते दिसतं, पण फोन करून खात्री केल्याशिवाय निघू नका.

---

वैनगंगाकाठ (भंडारा)

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. काकूंनी लिहिलेलं सगळं बरोबर. मी दोन गोष्टी जोडते.

सासऱ्यांचं म्हणणं एका जागी खरं ठरतं. बाळंतपणानंतर धो धो रक्त जायला लागलं तर बाईचं सगळंच जातं: पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स. तेव्हा नुसते पॅक सेल पुरत नाहीत. आम्ही पॅक सेल, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स सारख्या प्रमाणात देतो, आणि जिथे घटक वेगळे करायची सोय नाही तिथे ताजं, तपासलेलं होल ब्लड फार मोलाचं असतं. साठवलेल्या रक्ताची सुरुवात तर रणांगणावरच झाली. १९१७ साली फ्रान्समध्ये ओस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी डॉक्टरनं ओ गटाचं रक्त सायट्रेट आणि ग्लुकोज घालून बाटल्यांत भरलं, बर्फात ठेवलं आणि जखमी सैनिकांना दिलं. आजही अमेरिकी सैन्य आणि काही ट्रॉमा केंद्रं कमी प्रतिद्रव्यांचं ओ गटाचं होल ब्लड वापरतात. म्हणजे होल ब्लड जुनाट झालंय असं नाही. वाहत्या रक्तस्रावाला ते योग्य आहे, ८.४ हिमोग्लोबिनला नाही.

ताईंना अजून वेळ आहे. शिरेतून दिलेल्या आयर्ननं दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन चांगलं वर येऊ शकतं. रक्त चढवण्याची पाळीच येऊ नये, हे आपलं पहिलं उद्दिष्ट. आयसीटी, म्हणजे पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या अंगात प्रतिद्रव्यं झालीत का ही तपासणी, झाली का? ती होऊच नयेत म्हणून देतात ते अँटी-डीचं इंजेक्शन २८व्या आठवड्यात दिलं का? फाइल बघा, नसेल तर उद्याच विचारा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांत अँटी-डी परत लागेल. ते इंजेक्शनही आधी आणून ठेवायला सांगा. ते मात्र लसींच्या फ्रिजमध्ये राहतं.

दुसरी गोष्ट जरा ठाम सांगते. पिशवी उमरेडला न्यायचा विचार सोडा, बहिणीला नागपूरला आणा. निगेटिव्ह गट, रक्त कमी, दुसरी खेप. अशी बाई जिथे रक्तपेढी त्याच इमारतीत किंवा पाच मिनिटांवर आहे तिथेच बाळंत व्हावी. मेडिकल, मेयो, डागा, एम्स, ही सगळी सरकारी रुग्णालयं तुमच्या शहरात आहेत. रक्तस्राव सुरू झाल्यावर पहिल्या तासात काय हाताशी आहे यावर सगळं ठरतं, आणि तो तास उमरेड रोडवर घालवायचा नसतो. तुमच्या मॅडमना हे सांगताना संकोच करू नका. मी स्वतः भंडाऱ्याहून असे पेशंट वेळेत नागपूरला पाठवते, त्यात कोणाचा कमीपणा नाही.

---

सिकलची आई (उत्तर नागपूर)

दादा, एक विचारू का, ताईंची सिकलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का? हिमोग्लोबिन कमी दिसलं की सगळे आयर्नच्या मागे लागतात, पण आपल्या विदर्भात सिकल तपासल्याशिवाय राहू नये. साधी सोल्युबिलिटी टेस्ट आधी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते, तेव्हा कळतं एएस आहे की एसएस. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. एसएस बाईचं बाळंतपण फार सांभाळून करावं लागतं, आणि रक्त देण्याचे नियमही बदलतात.

माझा मुलगा एसएस आहे. त्याला होल ब्लड देतच नाहीत. पॅक सेल, तेही पांढऱ्या पेशी गाळून काढलेले, आणि डोनर सिकल निगेटिव्ह असावा लागतो. सी, ई आणि केल हे उपगटही जुळवून घेतात, कारण आयुष्यभर रक्त लागणाऱ्या मुलाच्या अंगात एकदा का प्रतिद्रव्यं तयार झाली की पुढची पिशवी शोधणं फार कठीण जातं. एकदम जास्तही चढवत नाहीत. हिमोग्लोबिन १०च्या वर नेलं तर रक्त घट्ट होऊन उलट त्रास होतो. हे सगळं मी डे-केअरच्या खाटेशेजारी बसून शिकले, नर्स ताईंना विचारून विचारून.

रक्त लावताना जवळ कोणी बसणार असेल तर त्यांना सांगून ठेवा: पहिली पंधरा मिनिटं नजर हलवायची नाही. पिशवीवरचं नाव, नंबर, गट नर्स मोठ्यानं वाचते तेव्हा तुम्हीही फॉर्मवर बोट ठेवून वाचा. थंडी वाजली, कंबर दुखली, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, काहीही वेगळं वाटलं की लगेच हाक मारा. आधी पिशवी बंद, मग बाकी चौकशी. आणि त्याच नळीतून दुसरं सलाईन सोडू देऊ नका, नॉर्मल सलाईन तेवढं चालतं. आमच्या शेजारच्या खाटेवर पिशवी थंड आहे म्हणून एक नातेवाईक गरम पाण्याची बादली घेऊन आला होता, सिस्टरनं धावत येऊन थांबवलं. गरम पाण्यात पेशी फुटतात. घाईत रक्त कोमट करायचंच असेल तर त्यासाठी मशीन असतं.

---

दिघोरीकर

काकू, डॉक्टर मॅडम, ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुमची उत्तरं मी मोठ्यानं वाचून दाखवली फोनवर, सासरेबुवा शेवटपर्यंत ऐकत होते.

बहिणीच्या मॅडमना भेटलो. त्या म्हणाल्या, मीही हेच सुचवणार होते, तुम्ही नेणार का याची खात्री नव्हती. पुढच्या आठवड्यात ती आमच्याकडे दिघोरीला येणार, नाव नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नोंदवतो आहे. अँटी-डी दिल्याची नोंद फाइलमध्ये आहे, आयसीटी निगेटिव्ह. सिकलच्या तपासणीनंतर देतात ते लाल-पिवळं कार्ड वगैरे काही सापडलं नाही. पहिल्या वेळी केली होती असं ती म्हणते, पण कागद नाही, म्हणून पुन्हा करतो. जावईबापूंचीही करून घेतो.

आता दोन शंका राहिल्या. एक, ताजं रक्त. दीर अजूनही मागे लागला आहे की माझंच घ्या. माझं तर तिला चालणार नाही, मी बी पॉझिटिव्ह. दुसरं, कधी पिशवी एका दवाखान्यातून दुसरीकडे न्यायची वेळ आलीच तर तो आइसबॉक्स?

---

पेढीतल्या काकू

बहीण नागपूरला येते आहे हे वाचून फार बरं वाटलं.

ताज्या रक्ताचं सांगते. दवाखान्यातच कोणाचं रक्त काढून तिथेच लावणं कायद्यानं बंद आहे, परवान्याच्या रक्तपेढीतूनच ते आलं पाहिजे. त्यामागे कारण आहे: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया, या पाच तपासण्या झाल्याशिवाय एकही पिशवी बाहेर पडत नाही, आणि त्यांना वेळ लागतो. चेहऱ्यावरून कोणाचं रक्त चांगलं ते कळत नाही, घरच्यांचंही नाही.

घरच्यांच्या रक्ताला दुसरीही अडचण आहे. सख्ख्या भावाचं रक्त बहिणीला दिलं तर त्यातल्या जिवंत पांढऱ्या पेशी तिच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या आत तग धरतात आणि तिच्याच अंगावर उलटू शकतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जीव जातो. म्हणून रक्ताच्या नात्यातलं रक्त किरणोत्सर्ग देऊनच वापरतात. आणि नवरा किंवा दीर यांच्या पेशींवरचे जे गुण बाळात येतात त्यांच्याविरुद्ध आईच्या अंगात प्रतिद्रव्यं तयार झाली तर पुढच्या बाळंतपणात त्रास. तेव्हा दिराला सांगा, रक्त जरूर दे, पण वहिनीच्या नावानं नको, पेढीत दे. त्याचं बी निगेटिव्ह दुसऱ्या कोणाला जाईल, वहिनीसाठी दुसऱ्याचं येईल. मे महिन्यात कॉलेजं बंद, कॅम्प कमी, फ्रिजच्या फळ्या रिकाम्या दिसतात. १४ एप्रिलच्या शिबिरांत जमा झालेलं रक्त ३५ दिवसांच्या हिशोबानं मेच्या मध्यापर्यंतच पुरतं. त्यानंतर पाऊस सुरू होऊन कॉलेजं उघडेपर्यंतचा काळ आम्हाला दरवर्षी जड जायचा.

आइसबॉक्स चालेल, पण सहलीचा पातळ नको. जाड भिंतींचा, झाकण घट्ट बसणारा, किंवा पेढीचाच मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात. वाटेत तापमान २ ते १० अंशांत राहिलं पाहिजे. सुटा बर्फ टाकायचा नाही, गोठवलेल्या जेल पिशव्या वापरायच्या, आणि त्या रक्ताच्या पिशवीला थेट टेकवायच्या नाहीत, मध्ये पुठ्ठा किंवा जाड कापड. गाडीत एसीसमोर किंवा डिकीत नाही, पायाशी सावलीत. वाटेत चहाला थांबून झाकण उघडून बघायचं नाही. प्लेटलेट्स मिळाल्या तर त्या या बॉक्समध्ये टाकू नका, त्यांना थंडी चालत नाही. आणि पोचल्यावर पिशवी वॉर्डात टेबलावर ठेवून कोणाची वाट बघत बसू नका, थेट सिस्टरच्या हातात द्या आणि वेळ लिहून घ्या.

---

दिघोरीकर

समजलं काकू. आम्ही दोघंही देतो. दीर म्हणतो त्यानं मागच्या दिवाळीत हातावर टॅटू काढला. चालेल का?

---

पेढीतल्या काकू

टॅटू काढल्यावर १२ महिने थांबावं लागतं. त्याला यंदाच्या दिवाळीनंतर पाठवा, आणि फॉर्मवर खरं लिहायला सांगा. तुमचं वजन ४५च्या वर, हिमोग्लोबिन १२.५च्या वर आणि शेवटचं रक्तदान होऊन तीन महिने झाले असतील तर तुम्ही याच आठवड्यात देऊन या. ऊन चढायच्या आत सकाळी जा, पोटभर नाश्ता करून, दोन ग्लास पाणी पिऊन. तिथे बसल्या बसल्या रक्तसंक्रमण अधिकाऱ्यांची गाठ पडेल, बहिणीच्या फाइलची झेरॉक्स सोबत न्या.